नॅन्सी बेली

नॅन्सी बेली (२८ सप्टेंबर १८९९ – २५ नोव्हेंबर १९९४) या अमेरिकेतील विकासमानसशास्त्रज्ञ होत. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-अडीच वर्षांत मुलाच्या बुद्धीचा, हालचालींचा आणि शरीराचा विकास कसा होतो, याचे मापन करण्याची शास्त्रीय पद्धत घालून देणाऱ्या संशोधकांत त्यांना अग्रस्थान दिले जाते. मुलांच्या एकाच गटाचा जन्मापासून प्रौढपणापर्यंत मागोवा घेणारा ‘बर्कली ग्रोथ स्टडी’ हा अभ्यास त्यांनी १९२८ मध्ये सुरू केला. अर्भकाच्या चाचणीतील गुणांवरून त्याच्या पुढील आयुष्यातील बुद्धिमत्तेचे भाकीत करता येत नाही, हा त्या अभ्यासाचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष होय. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘बेली बालविकास मापनश्रेणी’ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या सुधारित आवृत्त्या आजही अनेक देशांत वापरल्या जातात. भारतात बडोदे येथे तयार झालेले तिचे रूपांतर प्रचलित आहे.

बालपण आणि शिक्षण

बेली यांचा जन्म अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी वसलेल्या द डॅल्स या गावी झाला. पाच भावंडांत त्या तिसऱ्या. लहानपणच्या आजारपणामुळे वयाच्या आठव्या वर्षापर्यंत त्यांना शाळेत जाता आले नाही. मात्र एकदा शाळेत गेल्यावर मागे राहिलेला अभ्यास त्यांनी लवकरच भरून काढला. उशिरा सुरुवात करूनही बरोबरीच्या मुलांना गाठणारे मूल त्या स्वतःच होत्या. हा अनुभव त्यांच्या संशोधनाचे कारण होता असे म्हणण्यास आधार नाही, परंतु त्यांचे चरित्र वाचणाऱ्याच्या मनात हा योगायोग आल्यावाचून राहत नाही.

इंग्रजीची शिक्षिका होण्याच्या हेतूने त्यांनी सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे एडविन गथरी या मानसशास्त्रज्ञाच्या प्राथमिक वर्गाला बसल्यावर त्यांचे मन पालटले आणि त्यांनी मानसशास्त्र हा विषय निवडला. शिक्षकी पेशाचे हे नुकसान बालमानसशास्त्राच्या पथ्यावर पडले. १९२२ मध्ये त्या पदवीधर झाल्या आणि १९२४ मध्ये त्याच विद्यापीठातून त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळवली. पदव्युत्तर प्रबंधासाठी त्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी कृतिचाचण्या तयार करण्याचा विषय घेतला होता. ज्या वयाच्या मुलाला लिहिता-वाचता येत नाही, त्याची समज कशी तपासावी, या प्रश्नाशी त्यांची गाठ अशी प्रथमच पडली.

पुढे आयोवा विद्यापीठातून १९२६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. भीतीच्या क्षणी त्वचेच्या विद्युत्‌वाहकतेत जो सूक्ष्म बदल होतो, त्यावरून भीतीचा अभ्यास करणे हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्यानंतर दोन वर्षे त्यांनी वायोमिंग विद्यापीठात अध्यापन केले.

बर्कली येथील संस्था

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेत बालअभ्यासाला एकाएकी बळ आले. लॉरा स्पेलमन रॉकफेलर स्मृतिनिधीच्या अर्थसाहाय्याने काही विद्यापीठांत बालकल्याण संशोधन संस्था स्थापन झाल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील आवारात १९२७ मध्ये सुरू झालेली संस्था त्यांपैकीच एक. तेथील संशोधनप्रमुख हॅरल्ड जोन्स यांच्या निमंत्रणावरून बेली १९२८ मध्ये बर्कलीला आल्या. पुढील वर्षी जॉन रीड या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाशी त्यांचा विवाह झाला. विवाहानंतरही त्यांनी आपले लेखन नॅन्सी बेली याच नावाने केले.

या एका संस्थेत तीन दीर्घकालीन अभ्यास जवळजवळ एकाच वेळी उभे राहिले आणि तिन्हींत स्त्रियांचा वाटा मोठा होता. बेली यांच्याकडे वाढीचा अभ्यास होता. जीन मॅकफार्लेन यांनी पालकांना मार्गदर्शन केल्याने मुलांच्या वर्तनात काय फरक पडतो, हा विषय घेतला. हॅरल्ड जोन्स आणि त्यांच्या पत्नी मेरी कव्हर जोन्स यांनी ओकलंड येथील शाळकरी मुलांचा अभ्यास हाती घेतला. त्या काळच्या विद्यापीठीय जगात स्त्रियांना संशोधनाची दारे काही प्रमाणात उघडी असली, तरी प्राध्यापकपद सहजासहजी मिळत नसे. ससे पाहून घाबरणाऱ्या मुलाची भीती घालवण्याचा प्रयोग १९२४ मध्येच प्रसिद्ध करणाऱ्या मेरी कव्हर जोन्स यांनाही सहायक प्राध्यापकपद मिळण्यास १९५२ साल उजाडावे लागले. बेली यांची बर्कलीतील कारकीर्दही मुख्यतः संशोधक म्हणूनच झाली.

बर्कली ग्रोथ स्टडी

या अभ्यासासाठी बर्कली येथे जन्मलेली ६१ निरोगी, पूर्ण दिवसांची बाळे निवडण्यात आली. पहिले पंधरा महिने प्रत्येक बाळाची दर महिन्याला तपासणी होत असे. त्यानंतर तिसऱ्या वर्षापर्यंत दर तीन महिन्यांनी आणि पुढे अधिक अंतराने ही तपासणी चालू राहिली. मुले अठरा वर्षांची झाली तरी अभ्यास संपला नाही. त्यांतील अनेकांच्या चाचण्या वयाच्या छत्तिसाव्या वर्षापर्यंत घेण्यात आल्या.

अशा अभ्यासाला ‘अनुदैर्घ्य अभ्यास’ म्हणतात. एक वर्षाची शंभर मुले, दोन वर्षांची शंभर मुले आणि तीन वर्षांची शंभर मुले एकाच दिवशी तपासली, तर प्रत्येक वयाची सरासरी मिळते. परंतु पहिल्या वर्षी मागे असलेले मूल तिसऱ्या वर्षी कोठे पोचले, हे त्यातून समजत नाही. सरासरीची रेषा गुळगुळीत दिसते, पण कोणतेही मूल त्या रेषेवरून चालत नाही. एकाच मुलाकडे वर्षानुवर्षे परत परत जाणे हाच त्यावर उपाय. तो खर्चिक आहे आणि संशोधकाच्या आयुष्याचा फार मोठा भाग मागणारा आहे. कुटुंबे गाव सोडून जातात, मुले कंटाळतात, निधी आटतो. इतक्या अडचणींतून एवढा छोटा गट इतकी वर्षे टिकवून धरणे हेच बेली यांच्या कामाचे एक वैशिष्ट्य मानावे लागेल.

अर्भकाची चाचणी घेणे म्हणजे काय, हा प्रश्न वाचकाला पडणे साहजिक आहे. बाळाला प्रश्न विचारता येत नाही आणि ‘नीट बस’ असेही सांगता येत नाही. म्हणून त्याच्यासमोर परिस्थिती मांडायची आणि ते काय करते ते पाहायचे. घंटी वाजवली तर बाळ आवाजाच्या दिशेने वळते का? तांबडी कडी डोळ्यांसमोरून फिरवली तर नजर तिच्यामागे जाते का? हातातून पडलेला चमचा ते शोधते का? कपाखाली लपवलेले खेळणे कप उचलून काढते का? लाकडी ठोकळे एकावर एक किती रचते? अशा कृती वयाच्या क्रमाने लावून प्रत्येक कृती बहुतेक मुलांना कोणत्या महिन्यात साधते हे ठरवले की मोजपट्टी तयार होते. बाळ भुकेलेले, झोपाळलेले किंवा बुजलेले असेल तर मिळालेले उत्तर खरे नसते, म्हणून ही चाचणी आईच्या मांडीवर बसूनही घेता येते. बेली यांनी पहिल्या वर्षासाठीची मानसिक विकासाची श्रेणी १९३३ मध्ये आणि कारक विकासाची, म्हणजे शरीराच्या व हातांच्या हालचालींची, श्रेणी १९३६ मध्ये प्रसिद्ध केली. पहिल्या तीन वर्षांतील कारक विकासावरील त्यांचा १९३५ चा प्रबंध ‘सोसायटी फॉर रिसर्च इन चाइल्ड डेव्हलपमेंट’ या संस्थेच्या प्रबंधमालेतील पहिला अंक ठरला.

पाळण्यातील पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपल्याकडे म्हणतात. त्या काळच्या अमेरिकेतही विद्वानांचा समज याहून फारसा वेगळा नव्हता. बुद्धी ही जन्मजात आणि ठराविक मापाची असते, वयाबरोबर ती वाढते, पण इतरांच्या तुलनेतील मुलाचे स्थान बदलत नाही, असे बुद्धिमापनाच्या क्षेत्रातील अनेक धुरीण मानत. येल विद्यापीठातील आर्नल्ड गेझेल यांनी विकास हा मुख्यतः आतून उमलणाऱ्या परिपक्वनाचा क्रम आहे अशी मांडणी केली होती. दत्तक जाणाऱ्या बाळांची आधी विकासचाचणी घ्यावी, असाही त्यांचा आग्रह होता. म्हणजे प्रश्न केवळ पोथीतला नव्हता. अनाथालयातील चार-सहा महिन्यांच्या बाळाला कोणते घर मिळावे, हे अशा चाचणीवर अवलंबून राहू शकत होते.

बर्कलीच्या मुलांची आकडेवारी हाती येऊ लागली तेव्हा हा समज टिकेना. दोन गोष्टी एकमेकींशी किती जुळतात हे सांगण्यासाठी ‘सहसंबंध’ हे माप वापरतात. ते १ असेल तर दोन्ही पूर्णपणे जुळतात आणि ० असेल तर त्यांचा काहीच संबंध नसतो. पहिल्या वर्षातील चाचणीचे गुण आणि त्याच मुलांचा अठराव्या वर्षीचा बुद्धिगुणांक यांचा सहसंबंध बेली यांना जवळजवळ शून्य आढळला. पहिल्या काही महिन्यांचे गुण पाहिले तर तो किंचित उणेही येत होता. दुसऱ्या वर्षानंतर हा संबंध दिसू लागतो, पुढे वाढत जातो आणि शाळेच्या वयात बऱ्यापैकी दृढ होतो. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या बुद्धिविकासावरील या निष्कर्षांची विस्तृत मांडणी त्यांनी १९४९ मध्ये केली.

चाचणीच सदोष असेल, अशी शंका येथे येणे स्वाभाविक होते. परंतु लागोपाठच्या महिन्यांत घेतलेल्या चाचण्यांचे गुण एकमेकांशी चांगले जुळत. अंतर जसजसे वाढे, तसतशी ही जुळणी विरत जाई. मोजपट्टी पुरेशी खरी होती. मोजली जाणारी वस्तूच बदलत होती. सहा महिन्यांच्या बाळात आपण पाहतो ती नजर, हात आणि कान यांची सांगड. सोळा वर्षांच्या मुलात पाहतो ती भाषा, तर्क आणि अमूर्त विचार. बेली यांनी असे मत मांडले की बुद्धिमत्ता म्हणजे जन्मतःच घडलेली एकसंध वस्तू नव्हे. क्रमाक्रमाने उदयास येणाऱ्या अनेक क्षमतांची ती मालिका आहे. प्रत्येक नवी क्षमता आधीच्या क्षमतांच्या आधारे उभी राहते, पण आधीची लवकर आली म्हणून पुढचीही लवकर येईल असे नाही.

याच्याशी निगडित असा आणखी एक निष्कर्ष सामाजिक दृष्टीने कमी महत्त्वाचा नाही. पहिल्या वर्षाच्या गुणांचा आईवडिलांच्या शिक्षणाशी काही संबंध दिसत नव्हता. तो साधारण दीड-दोन वर्षांच्या वयानंतर दिसू लागला. शिकलेल्या घरातील बाळ पाळण्यात तरी वेगळे नव्हते. हा संबंध आनुवंशिकतेमुळे उशिरा प्रकट होतो की घरातील भाषा, पुस्तके आणि संवाद यांमुळे तयार होतो, याचा निवाडा एवढ्या आकडेवारीवरून होत नाही आणि बेलींनी तो केला असे भासवलेही नाही.

मात्र या संशोधनाचा अर्थ ‘बाळाच्या चाचणीला अर्थच नाही’ असा काढणे चुकीचे ठरेल. बर्कलीची बाळे निरोगी होती. सर्वसाधारण मर्यादेत असलेल्या बाळांपैकी कोण पुढे हुशार निघेल हे सांगता येत नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते. ज्या बाळाचा विकास फारच मागे पडला आहे, त्याच्या बाबतीत चाचणीचा इशारा गंभीरपणे घ्यावा लागतो, कारण तेथे श्रवणदोष, मेंदूची इजा किंवा अन्य विकार असण्याचा संभव असतो आणि उपचार जितके लवकर तितके हिताचे. या दोन गोष्टींतील फरक पालकांना समजावून सांगणे आजही चाचणी घेणाऱ्याच्या कामाचा अवघड भाग आहे.

प्रौढांची बुद्धी

वयाच्या विशीनंतर बुद्धिमत्ता उतरणीला लागते, असा त्या काळी दुसरा एक समज होता. वेगवेगळ्या वयांच्या माणसांची एकाच वेळी चाचणी घेऊन तो काढलेला होता. त्यात वयस्क माणसांना शाळेत जाण्याची संधीच कमी मिळालेली होती, ही बाब नजरेआड होत असे. लुइस टर्मन यांनी बालपणी निवडलेल्या कुशाग्र बुद्धीच्या व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा हजाराहून अधिक प्रौढांच्या, सुमारे बारा वर्षांच्या अंतराने घेतलेल्या दोन चाचण्यांची तुलना बेली आणि मेलिटा ओडन यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केली. गुण घटले नव्हते, उलट वाढले होते. येथेही त्याच माणसाकडे परत जाण्याची रीतच उपयोगी पडली.

उंचीचे भाकीत

मानसशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेल्या बेलींचे नाव बालरोगतज्ज्ञांच्या तोंडी एका वेगळ्याच कारणाने असते. बर्कलीच्या मुलांची केवळ बुद्धीच नव्हे, तर उंची, वजन आणि हाडांची वाढही नियमितपणे नोंदवली जात होती. हाताच्या व मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडे किती पक्व झाली आहेत हे समजते. त्याला ‘हाडांचे वय’ म्हणतात. दहा वर्षांच्या दोन मुलींपैकी एकीची हाडे नऊ वर्षांची आणि दुसरीची अकरा वर्षांची असू शकतात. बेली आणि सॅम्युएल पिनो यांनी १९५२ मध्ये असे तक्ते प्रसिद्ध केले की ज्यांवरून हाडांच्या विशिष्ट वयाला मुलाने आपल्या अंतिम उंचीचा किती टक्के भाग गाठलेला असतो हे कळते. समजा, एखाद्या मुलीची आजची उंची १२० सेंटिमीटर आहे आणि तक्त्यानुसार तिने ८० टक्के उंची गाठली आहे. तर तिची अंतिम उंची १५० सेंटिमीटरच्या आसपास राहील. हे तक्ते ‘बेली–पिनो तक्ते’ म्हणून ओळखले जातात आणि वाढीच्या तक्रारी घेऊन आलेल्या मुलांसाठी डॉक्टर अजूनही त्यांचा उपयोग करतात. लिओना बेयर यांच्यासह त्यांनी वाढीच्या निदानावर लिहिलेला ग्रंथ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला.

उंचीचे भाकीत जमते आणि बुद्धीचे जमत नाही, ही बाब मनोरंजक आहे. एकाच संशोधिकेने त्याच मुलांवरून दोन्ही गोष्टी दाखवून दिल्या.

बेथेस्डा येथील दहा वर्षे

१९५४ मध्ये बेली मेरीलँड राज्यातील बेथेस्डा येथे असलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत बालविकास विभागाच्या प्रमुख म्हणून गेल्या. तेथे अर्ल शेफर यांच्यासह त्यांनी बर्कलीतील जुन्या नोंदींकडे नव्या दृष्टीने पाहिले. बाळपणी आई मुलाशी कशी वागे, याच्या नोंदी तपासणीच्या वेळी केलेल्या होत्या. त्या नोंदींचा मुलांच्या पुढील वर्तनाशी आणि बुद्धिगुणांकाशी संबंध जोडून पाहता मुलगे आणि मुली यांच्यात फरक आढळला. आईच्या मायाळू किंवा कठोर वागण्याचा संबंध मुलग्यांच्या पुढील गुणांशी अधिक दिसला, मुलींच्या बाबतीत तो तितका स्पष्ट नव्हता. हे संशोधन १९६३-६४ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. गट लहान असल्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभी करता येत नाही. तरीही आईच्या वर्तनाचे मोजमाप करू पाहणारा हा आरंभीचा प्रयत्न म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

याच काळात अमेरिकन सरकारने गर्भारपण आणि बाळंतपणातील गुंतागुंतीचा मुलांवर होणारा परिणाम तपासण्यासाठी एक विशाल प्रकल्प हाती घेतला. अनेक रुग्णालयांतील पन्नास हजारांहून अधिक बाळंतपणांची त्यात नोंद झाली. त्यातील बाळांची आठव्या महिन्यात जी विकासचाचणी घेण्यात आली, ती बेली यांच्या श्रेणीची संशोधन आवृत्ती होती. ६१ बाळांवर घडलेल्या मोजपट्टीला आता हजारो बाळांचा कस लागला.

१९६५ मध्ये बेली यांनी एक ते पंधरा महिने वयाच्या १,४०९ बाळांच्या गुणांची तुलना प्रसिद्ध केली. मुलगा की मुलगी, कितवे अपत्य, आईवडिलांचे शिक्षण किती, देशाच्या कोणत्या भागातील, गोरे की कृष्णवर्णीय, यांपैकी कोणत्याही कारणाने मानसिक श्रेणीतील गुणांत फरक आढळला नाही. कारक श्रेणीत मात्र पहिल्या वर्षात कृष्णवर्णीय बाळे थोडी पुढे होती. अमेरिकेत वांशिक समतेचा लढा ऐन भरात असतानाच्या वर्षी हे आकडे प्रसिद्ध झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांचे वजन कळते.

बेली बालविकास मापनश्रेणी

१९६४ मध्ये त्या बर्कलीला परतल्या आणि तेथील बालअभ्यास केंद्राच्या प्रमुख झाल्या. १९६८ मध्ये निवृत्ती आणि १९६९ मध्ये श्रेणीचे प्रकाशन, असा क्रम झाला. म्हणजे ज्या ग्रंथामुळे त्यांचे नाव जगभर झाले, तो त्यांच्या वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर आणि कामाला सुरुवात केल्यावर चार दशकांनी बाहेर आला.

दोन ते तीस महिने वयाच्या मुलांसाठी असलेल्या या श्रेणीचे प्रमाणीकरण १,२६२ मुलांवर करण्यात आले. तिचे तीन भाग होते. मानसिक श्रेणीत १६३ आणि कारक श्रेणीत ८१ कृती होत्या. तिसऱ्या भागात चाचणीच्या वेळी मूल कसे वागले, अनोळखी व्यक्तीला बुजले का, किती वेळ लक्ष देऊ शकले, याची नोंद करायची होती. पहिल्या दोन भागांच्या गुणांची सरासरी १०० धरलेली होती. बेली यांनी या आकड्याला ‘बुद्धिगुणांक’ न म्हणता ‘विकासनिर्देशांक’ म्हटले. हा केवळ शब्दाचा फरक नाही. स्वतःच्याच संशोधनातून जे त्यांना कळले होते, त्याला अनुसरून हे नाव होते.

श्रेणीतील कारक कृतींची मानके पाहिली तर मुलांतील फरकाची व्याप्ती ध्यानात येते. आधाराशिवाय चालू लागण्याचे सरासरी वय ११.७ महिने आढळले, परंतु नवव्या महिन्यात चालणारी मुले होती आणि सतराव्या महिन्यात चालू लागणारीही होती. आधाराशिवाय स्थिर बसण्याची सरासरी ६.६ महिने होती आणि व्याप्ती पाच ते नऊ महिन्यांची होती. शेजारचे बाळ चालू लागले आणि आपले अजून रांगते आहे म्हणून काळजीत पडलेल्या घरांनी हे आकडे अवश्य पाहावेत.

श्रेणीची दुसरी आवृत्ती १९९३ मध्ये, म्हणजे बेली हयात असतानाच, प्रसिद्ध झाली. २००६ च्या तिसऱ्या आवृत्तीत बोधात्मक, भाषिक, कारक, सामाजिक-भावनिक आणि व्यवहारकौशल्ये अशा पाच अंगांचे मापन स्वतंत्रपणे करण्याची सोय झाली. चौथी आवृत्ती २०१९ मधील आहे. अकाली जन्मलेल्या बाळांवरील जगातील कितीतरी संशोधन आजही या श्रेणीच्या गुणांत मांडले जाते.

सन्मान आणि अखेरचा काळ

अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचा ‘विशेष वैज्ञानिक योगदान पुरस्कार’ १९५६ मध्ये सुरू झाला. दहा वर्षांनी, १९६६ मध्ये, तो बेली यांना मिळाला. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. १९६१ ते १९६३ या काळात त्या सोसायटी फॉर रिसर्च इन चाइल्ड डेव्हलपमेंटच्या अध्यक्ष होत्या. १९७१ मध्ये विकासमानसशास्त्रातील जी. स्टॅन्ली हॉल पुरस्कार आणि १९८२ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र प्रतिष्ठानचे सुवर्णपदक त्यांना देण्यात आले. कॅलिफोर्नियातील कार्मेल येथे वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मर्यादा

बर्कलीचा गट लहान होता आणि एका विद्यापीठीय गावातील गोऱ्या, इंग्रजी बोलणाऱ्या, बहुतांशी सुस्थितीतील कुटुंबांचा होता. उपासमार, वारंवार होणारी आजारपणे किंवा अतिदारिद्र्य यांत वाढणाऱ्या मुलांविषयी तो अभ्यास फारसे सांगू शकत नाही. दुसरा आक्षेप निष्कर्षावरच आहे. १९८० च्या दशकात जोसेफ फेगन आदी संशोधकांनी बाळ नव्या आणि जुन्या चित्रांपैकी कोणत्याकडे अधिक वेळ पाहते यावरून त्याची स्मरणशक्ती मोजण्याची पद्धत वापरली. या मापाचा पुढील बुद्धिगुणांकाशी काही प्रमाणात संबंध आढळला. तेव्हा बाल्य आणि पुढील बुद्धी यांत अजिबात धागा नाही असे नव्हे. हालचालींवर भर असलेल्या जुन्या कृतींत तो सापडत नव्हता, असे आता मानले जाते. हा धागा मध्यम ताकदीचा आहे आणि त्यावरून एका विशिष्ट मुलाचे भविष्य सांगता येत नाही, हेही तितकेच खरे.

भारतातील रूपांतर

अमेरिकेतील मुलांवर ठरलेली मानके भारतीय बाळांना जशीच्या तशी लावणे योग्य नव्हते. बडोदे येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी बेली श्रेणीच्या संशोधन आवृत्तीच्या आधारे भारतीय बाळांची मानके तयार केली. ही मानके १९७० ची असून ती ‘बडोदा मानके’ म्हणून ओळखली जातात. ‘डेव्हलपमेंटल असेसमेंट स्केल्स फॉर इंडियन इन्फन्ट्स’ हे या श्रेणीचे नाव. डॉक्टर आणि विकासतज्ज्ञ तिला थोडक्यात ‘डासी’ म्हणतात. १९९७ च्या तिच्या सुधारित रूपात ६७ कारक आणि १६३ मानसिक कृती आहेत. ही सुधारित पुस्तिका पुण्याहून प्रकाशित झाली. जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी तिचा वापर होतो.

या श्रेणीतून बाळाचे विकासवय मिळते. विकासवयाला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणले की विकासगुणांक मिळतो; तो ७० पेक्षा कमी असेल तर विकास मागे पडला आहे असे समजतात. बाळ दिवस भरण्यापूर्वी जन्मले असेल तर आधी त्याचे ‘सुधारित वय’ काढावे लागते. दोन महिने आधी जन्मलेल्या दहा महिन्यांच्या बाळाची तुलना आठ महिन्यांच्या बाळाशीच केली पाहिजे. ही दुरुस्ती विसरली तर धडधाकट बाळावर मंदपणाचा शिक्का बसू शकतो.

नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेली बाळे पुढील तपासणीसाठी येतात तेव्हा या श्रेणीचा उपयोग विशेष होतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे स्थापन झाली. महाराष्ट्रातील केंद्रांतही अशा बाळांची विकासतपासणी होते. मात्र संपूर्ण श्रेणीसाठी प्रशिक्षित व्यक्ती, साहित्याची पेटी आणि पुरेसा वेळ लागतो. गावपातळीवर हे शक्य नसल्याने तिच्यातूनच छोट्या चाळणी-चाचण्या काढण्यात आल्या. फाटक यांची १९९१ ची बडोदा चाचणी ५४ कृतींची आहे. त्याच वर्षी तिरुवनंतपुरम येथे एम. के. सी. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बडोदा मानकांतून अवघ्या १७ कृती निवडून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एक तक्ता तयार केला. मुलाच्या वयाच्या ठिकाणी त्यावर उभी रेघ ओढायची आणि रेघेच्या डावीकडील कोणती कृती मुलाला अजून जमत नाही ते पाहायचे, एवढीच त्याची रीत आहे.